हिरवा दिसतो, पण चालला काय? डमी जॉबबद्दल तुमचे प्रश्न

गावी राहून रात्रपाळीत प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे कंपनीच्या चालू यंत्रणांची देखरेख, करणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आहेत, आणि बहुतेक डमी जॉबवर अडलेली. जॉब म्हणजे सर्व्हरवर वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालणारं काम; डमी म्हणजे त्या साखळीत नुसती जागा धरणारा जॉब.

कंट्रोल-एममध्ये (जॉब वेळच्या वेळी चालवणारं सॉफ्टवेअर) एक जॉब हिरवा, म्हणजे यशस्वी, आहे, पण 'आउटपुट' उघडलं तर काहीच नाही. शिफ्ट लीड लॉग मागतोय. काय पाठवू? (मोर्शी)

आधी जॉबचा प्रकार बघा. डमी असेल तर आउटपुट नसणारच, कारण तो सर्व्हरवर कुठलीच कमांड चालवत नाही. पंगतीत कुणासाठी पत्रावळ मांडून वर खडा ठेवतात, तसा तो: जागा धरलेली, जेवणारा नाही. पण त्याला वेळापत्रक असतं, आधीच्या जॉबांची वाट तो बघतो आणि संपला की पुढच्यांना वाट मोकळी करून देतो. म्हणून त्याचा खरा तपशील 'प्रीरिक्विझिट्स' (कशाची वाट बघायची) आणि 'ॲक्शन्स'मध्ये (संपल्यावर काय करायचं). अजून करडाच, म्हणजे वाट बघत, असेल तर 'वेटिंग इन्फो' उघडा, कशासाठी थांबलाय ते तिथं कळतं. लीडला 'लॉग' टॅब पाठवा. लॉग वेगळा (जॉबचं कधी काय झालं त्याची नोंद), आउटपुट वेगळं (कमांडनं छापलेलं), हेही जाता जाता सांगून टाका.

फाइल पाठवणारा जॉब 'एन्डेड ओके' (यशस्वी) झाला, फाइल मात्र पोहोचलीच नाही. लाल झाला (फसला) असता तर कळलं तरी असतं! (उमरखेड)

बरोबर आहे, लाल जॉब परवडला. तुमच्या जॉबवर 'रन ॲज डमी'ची खूण राहिली आहे का बघा. टेस्टिंगच्या वेळी कुणीतरी ती करतो आणि काढायला विसरतो. मग नाव, स्क्रिप्ट, होस्ट सगळं जागच्या जागी दिसतं, पण जॉब काही न करता हिरवा होतो. चालण्याचा वेळ जवळपास शून्य आणि आउटपुट रिकामं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की संशय घ्याच.

खूण फक्त मॉनिटरिंगमधल्या आजच्या जॉबवरून काढू नका. मूळ डेफिनिशनमध्ये ती राहिली तर तिच्यावरून बनणारी उद्याची ऑर्डर, म्हणजे उद्याचा जॉब, पुन्हा तशीच येईल. आणि जॉब लगेच रीरन करायची (पुन्हा चालवायची) घाई नको: डमी असूनही त्यानं पुढची वाट मोकळी केलेली असते, त्यामुळे पुढचे जॉब फाइलशिवाय किंवा कालच्या फाइलवर चालून गेलेले असू शकतात. ते तपासा, ॲप्लिकेशन टीमला विचारा, मगच हात लावा.

डमी काहीच करत नसेल तर काढून का टाकू नये? (आर्वी)

समजा आधीचे 10 जॉब संपल्यावर पुढचे 8 सुटायचे आहेत. थेट जोडले तर 80 दुवे, मध्ये एक डमी ठेवला तर 18. काढायचाच असेल तर आधी हे दुवे कोण सांभाळणार ते ठरवा.

एअरफ्लोमध्ये (कामं क्रमानं चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) 'एम्प्टी ऑपरेटर'चा, म्हणजे तिथल्या डमीचा, लॉगच उघडत नाही. (मेहकर)

साधारणपणे हा टास्क वर्करकडे, म्हणजे प्रत्यक्ष काम चालवणाऱ्याकडे, जातच नाही. कामं वाटणारा शेड्युलर त्याला परस्पर यशस्वी ठरवतो. म्हणून लॉग नाही. त्यावर कॉलबॅक (टास्कसोबत आपोआप चालणारा कोड) लावला असेल तर गोष्ट वेगळी. ग्राफमध्ये त्याच्या मागचा टास्क बघा, उत्तर तिथंच सापडेल.

आयबीएम वर्कलोड शेड्युलरमध्ये (असंच आणखी एक सॉफ्टवेअर) शॅडो जॉब 'बाउंड' दाखवतो. अडकला का? (देवळी)

नाही. दुसऱ्या इंजिनवरच्या (जॉब चालवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेवरच्या) ज्या जॉबचा तो प्रतिनिधी आहे, तो त्याला सापडला आहे, एवढाच अर्थ. यापुढे त्याची स्थिती तिकडच्या जॉबप्रमाणे बदलेल. उशीर होत असेल तर त्या इंजिनच्या टीमला फोन करा, इकडे रीरन करून उपयोग नाही.

पावसात लाइन गेली की व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तुटतं. जॉब थांबतात का? (कुरखेडा)

थांबत नाहीत. ते सर्व्हरवर चालतात, तुमच्याकडे फक्त त्यांचं चित्र असतं. पण होल्ड (जॉब रोखणं) किंवा रीरन दाबताना लाइन गेली असेल, तर परत जोडल्यावर पुन्हा दाबण्याआधी जॉबचा लॉग बघा. पहिली आज्ञा पोहोचलेली असू शकते. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.