धरणात गेलेल्या गावाचा आणि घराण्याचा माग जुन्या टोपोशीटवरून लागतो का?

तुमचा प्रश्न असा : आजोबांचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, घरात एक फाटका सातबारा सोडला तर काही उरलं नाही, आणि आता इंटरनेटवर इंग्रजांच्या काळातल्या टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे गावं-ओढे-वाटा दाखवणारे नकाशे, दिसतात. त्यावरून पूर्वजांचा काही पत्ता लागेल का?

लागतो. पण खापरपणजोबांचं नाव नकाशात सापडेल या आशेवर बसलात, तर पहिल्याच रात्री कंटाळाल. टोपोशीटवर माणसाचं नाव नसतं. विहिरी, देवळं, ओढे, गाडीवाटा, वाड्या एवढंच असतं. माझ्या घरातलं एक कोडं मात्र या नकाशावरच्या तुटक रेघेने सोडवलं. तेव्हा मी या बाबतीत पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आम्हीही धरणग्रस्तच. इंदापूर तालुक्यातले. (गावाचं नाव लिहीत नाही, भावकीतला एक दावा अजून चालू आहे.) माझ्या आजीचं माहेर करमाळा तालुक्यातलं. एक आजीच नाही, आजोबांच्या आधीच्या दोन पिढ्यांत आमच्याकडच्या बऱ्याच मुली तिकडे दिलेल्या आणि तिकडच्या इकडे आणलेल्या. तालुका वेगळा, जिल्हाही वेगळा, आणि आज गाडीने जायचं तर पाण्याला वळसा घालून पन्नास-साठ किलोमीटर. एवढ्या लांब सोयरिकी का, याचं घरातलं ठरलेलं उत्तर होतं, ‘आपलं मूळ तिकडचंच असणार.’ मी ते खरं धरलं आणि दोन वर्षं करमाळ्याकडे आमच्या आडनावाची घरं हुडकत फिरलो. हाती काहीच लागलं नाही.

मग एका कॉलेजच्या भूगोल विभागातल्या कपाटात इंच-मैली शीट (नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल) बघायला मिळाली. कापडावर चिकटवलेली, घड्यांवर झिजलेली. आमच्या गावठाणातून एक तुटक रेघ निघते, देवळाखालून भीमा नदीच्या पात्रात उतरते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होऊन थेट आजीच्या माहेरात शिरते. पट्टी लावली. पुरते दोन इंच. म्हणजे दोन मैल!

मोबाइलवरचा फोटो चुलत आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाजवळ नेली आणि म्हणाले, “हा तर म्हसोबाचा उतार. उन्हाळ्यात गुडघ्याएवढं पाणी. पावसाळ्यात काहिलीतून जायचं.” गूळ शिजवायची काहील, तिचीच नाव करायची. आजी सणाला माहेरी अशीच जायची म्हणे. मूळबिळ काही नव्हतं, ते शेजारचं गाव होतं. आमच्या घराण्याचं जग रस्त्याच्या बाजूने नाही, नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेलं होतं, आणि नदीचं धरण झालं तेव्हा ते मधोमध चिरलं. तुमच्याकडे ‘हे लोक इतक्या लांबचे पाहुणे कसे?’ असा प्रश्न असेल, तर सुरुवात तिथून करा.

उजनी १९८० साली पूर्ण झालं. क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी बाहेर न सोडता येणारं तळाचं पाणी. त्यामुळे दोन्ही काठ कायमचे दुरावले. तरी माणसं पाण्यावरून जायची थांबली नाहीत. कुगाव ते कळाशी बोट चालायची, ती काही हौस म्हणून नाही. मे २०२४ मध्ये ती उलटून सहा जण गेले. डिकसळचा जुना पूल तुम्हाला ठाऊक असेल. तो मुळात रेल्वेचा. धरणामुळे रेल्वे दुसरीकडून नेली आणि तो पूल करमाळ्याच्या लोकांना रस्त्यासाठी मिळाला. जुन्या शीटवर त्यावरून रूळ जाताना दिसतात. खूण पटवायला असा एखादा ठिपका फार कामाला येतो.

आता शीट शोधायची कशी. नंबर बघून घाबरू नका. चार अंश लांब, चार अंश रुंद अशा चौकोनाला एक आकडा. ७२ ते ७६ रेखांश आणि १६ ते २० अक्षांश हा चौकोन ४७. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होते आणि वरून खाली जाते. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, १ ते १६. म्हणून पुणे ४७ एफ/१४. तुमच्या भागातलं भिगवण ४७ जे मध्ये येतं आणि इंदापूर शहर लगेच पुढच्या ४७ एन मध्ये, त्यामुळे गाव नेमकं दोन शीटांच्या शिवेवर निघण्याची तयारी ठेवा. एक शीट जमिनीवर साधारण सव्वीस ते अठ्ठावीस किलोमीटर लांब-रुंद भाग व्यापते.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर १:५०,००० चे नकाशे मिळतात, पण ते धरणानंतरचे. तुमच्या गावाच्या जागी निळा रंग दिसेल. धरणाआधीचं फुकट आणि झटपट हवं असेल, तर अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० ची मालिका बघा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती स्कॅन करून ठेवली आहे. तिच्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे गाव म्हणजे नुसतं टिंब. तुटक रेघा बघायच्या तर इंच-मैलीच हवी, म्हणजे १:६३,३६०. त्यासाठी जुनी ग्रंथालयं आणि कॉलेजं पालथी घालावी लागतात.

शीट हातात आली की आधी समास, म्हणजे कडेचा मजकूर, वाचा, नकाशा नंतर. छापल्याचं साल वेगळं आणि मोजणीचं साल वेगळं. पुढच्या आवृत्तीत रस्ता आणि रेल्वे तेवढी सुधारायचे, वाड्या जुन्याच राहायच्या. मी एकदा छपाईचं साल धरून घरी छातीठोकपणे सांगितलं होतं की अमुक वस्ती स्वातंत्र्यानंतरची. ती पस्तीस वर्षं आधीची निघाली.

स्पेलिंगचा तर वेगळाच खेळ. ‘देव’चं ‘देओ’ झालेलं, ‘व’ आणि ‘ब’ची अदलाबदल. मोठ्याने वाचा, डोळ्यांपेक्षा कान लवकर ओळखतो. आणि खुर्द-बुद्रुक! नकाशावर ते दोन-दोन अक्षरांत लिहितात, के-एच म्हणजे खुर्द, बी-के म्हणजे बुद्रुक. माझा एक अख्खा पावसाळा भलत्याच खुर्दात वाया गेला आहे.

वाड्यांकडे नीट लक्ष द्या. शिंदेवाडी, पवारवाडी अशी आडनावाची वाडी मूळ गावठाणापासून मैल-दीड मैलावर दिसली, तर भावकीतला एखादा भाऊ मळ्यात राहायला गेल्याची ती खूण असू शकते. असू शकते म्हणतोय. आणखी एक चिन्ह बघा : ओसाड गावाचं. महसुली भाषेत बेचिराख, जिथे दिवा लागत नाही ते. दुष्काळ, प्लेग, पूर, कारण काहीही असेल, पण तुमचं आडनाव ‘-कर’ असेल आणि त्या नावाचं गाव आजच्या यादीत कुठेच नसेल, तर ते या बेचिराखांत शोधा.

जुनी शीट उपग्रहाच्या चित्रावर चढवायची असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर पुरे. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिले की झालं. मात्र जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं सर्व्हेयर एव्हरेस्टने धरलेलं माप) बेतलेले आहेत आणि मोबाइलचं जीपीएस वेगळं मोजतं. आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक सहज पडतो. त्यामुळे शेवटची सरकवासरकवी एखादं न हललेलं देऊळ किंवा पूल धरून करा. उन्हाळ्यात उजनी ‘उणे’त गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ बाहेर येतं. मी तेच धरलं होतं.

नावांसाठी मात्र नकाशा खाली ठेवून महसुलाकडे वळावं लागतं, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. मुंबई इलाख्यातली शेतनिहाय मोजणीची पद्धत इंदापूर तालुक्यातच पहिल्यांदा बसवली गेली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी, १८३६ च्या सुमारास. आपला गुंठा त्याच साखळीचा. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस १०८९ चौरस फूट. गाव नकाशा मागा, त्याचं प्रमाण आठ इंचाला एक मैल असं असतं, म्हणजे टोपोशीटच्या आठपट. ओढा आणि शीव जुळवून दोन्ही शेजारी ठेवले की सातबाऱ्यावरचा नंबर नदीपासून किती लांब होता हे कळतं. काळी कसदार मळई की माळ, याचा अंदाज येतो. घराण्याची ऐपत यातून जेवढी कळते तेवढी घरातल्या गप्पांतून कळत नाही. आमच्याकडे ‘शंभर एकर होते’ असं सांगायचे. निघाले एकोणीस, त्यातले अकरा खडकाचे.

तुमच्या कागदावरचा आकडा सर्व्हे नंबर आहे की गट नंबर, हे आधी ठरवा. जमिनीचे तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना झाल्यावर गट पडले आणि जुने आकडे बदलले. चुकीच्या आकड्याने चुकीच्या घराण्याची वंशावळ फार सुबक तयार होते. मग फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. ‘अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक’ ही ओळ म्हणजे आपल्याकडची जन्मपत्रिकाच. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याच्या मागे फारसं जाता येत नाही. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर सावध व्हा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे थोरला. धाकटे भाऊ होते, पण कागदावर नाहीत.

आणि धरणग्रस्तांकडे एक कागद असा असतो जो इतरांकडे नसतो : भूसंपादनाचा निवाडा. कोणाची किती जमीन, विहीर, झाडं, घर, सगळं नावानिशी. गाव बुडायच्या आदल्या घडीचा हिशोब. त्याची नक्कल मिळायला मला चार खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या माणसाने गावाचं नाव ऐकून ‘असं गाव नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी टोपोशीटची झेरॉक्स नेली आणि बोट ठेवून दाखवलं.

मोडीतला कागद निघाला तर वाचणारा माणूस गाठा, अंदाजाने वाचू नका. सोलापूर-सांगलीकडे घराण्याची वंशावळ सांगत फिरणारे हेळवी अजून भेटतात. तुमच्या पुनर्वसित गावात कोणी येतो का, ते विचारा.

पण हे सगळं करायच्या आधी शीटचा तुमच्या गावापुरता भाग मोठा करून छापा, आणि पुनर्वसित गावठाणात ऐंशीच्या पुढचं जे कोणी असेल त्यांच्यासमोर ठेवा. पेन त्यांच्या हातात द्या. आमच्या चुलत आजोबांनी तासाभरात चौदा शेतांची नावं लिहून दिली, एका विहिरीवर फुली मारली, आणि ती का मारली ते काही केल्या सांगितलं नाही.