निधनवार्तेचं कात्रण पुढे पाठवण्याआधी

जुन्या निधनवार्तेच्या कात्रणात बहुतेक सगळं असतं, फक्त तारीख नसते. कापणाऱ्याने फोटो आणि मजकूर जपून कापलेला असतो; दैनिकाचं नाव, वार आणि तारीख पानाच्या माथ्यावर राहून रद्दीत गेलेली असते. मग ते कात्रण जळगावहून न्यू जर्सीला, तिथून मेलबर्नला फिरतं, सगळे हात जोडल्याची खूण टाकतात, आणि चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं, हे आपले आजोबा की आजोबांचे चुलते?

तेव्हा कात्रण हाती आलं की आधी ते उलटं करा. मागे अर्धी कापली गेलेली जाहिरात असेल, केळीचे नाहीतर कापसाचे भाव असतील, टेंडर नोटीस असेल. तारखेचा माग तिथे लागतो. 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' दिसलं तर मजकूर १९०६ नंतरचा आणि साधारण १९६० पर्यंतचा. 'जि. नंदुरबार' असेल तर १ जुलै १९९८ नंतरचा, कारण तोवर नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल (जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१), तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'नवे पैसे' लिहिले असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं आणि त्याच्या नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी आल्या २०१८ मध्ये. नातू तिथे प्राध्यापक असल्याचा उल्लेख असेल तर तेवढ्यानेही काळ आवळता येतो. जळगाव आणि धुळ्याच्या नगरपालिका २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. 'नांव', 'गांवीं' असे अनुस्वार दिसले की मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा असावा असं वाटतं, पण जुने मुद्रितशोधक पुढेही बरीच वर्षं ते अनुस्वार ठेवत, त्यामुळे हा पुरावा कच्चाच धरा. मजकुरात वार आणि तारीख असेल आणि महिना माहीत असेल, तर कॅलेंडर घेऊन बसा. तीच तारीख त्याच वारी बहुधा ५, ६ किंवा ११ वर्षांनी येते, म्हणजे एका पिढीत चार-पाचच वर्षं तपासायची राहतात.

तिथी दिली असेल तर घोटाळे जास्त. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. शके १८९४ चा माघ हा १९७३ मधला, १९७२ मधला नव्हे. पौष डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, तिथे पंचांग पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका. खानदेशातल्या गुजराती आणि मारवाडी घरांत विक्रम संवत असतो. गुजराती संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा आणि त्यानंतर ५६. मारवाडी चिठ्ठीतला 'भादवा बदी' म्हणजे आपला श्रावण वद्य, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो. अधिक महिन्यात मृत्यू झाला असेल तर घरात श्राद्धाचा म्हणून निज महिना सांगितला जातो, मृत्यूचा नाही.

वयाचाही असाच घोळ. 'वयाच्या ८५ व्या वर्षी' म्हणजे ८४ पूर्ण झालेली असतात, पण वार्ता सांगणारा पुतण्या ८५ पूर्ण धरून सांगतो. जन्मसाल काढताना दोन वर्षांची सूट दोन्हीकडे ठेवा. १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती शाळेच्या दाखल्यातली समजा. मास्तरांनी नाव घालताना लिहिलेली तारीख पुढे पेन्शनपर्यंत चालते. तुमच्याकडचं कुणी अमेरिकेत गेलं असेल तर आणखी एक फरक ध्यानात ठेवा: तिथल्या दाखल्यावर ४ तारीख असते आणि जळगावच्या पेपरात ५, कारण फोन आला तेव्हा इथे दुसरा दिवस उजाडलेला होता. वंशावळीत मृत्यू झाला त्या ठिकाणची तारीख धरा आणि दुसरी शेजारी टिपून ठेवा.

आता कात्रणाचा खरा ऐवज. लोक फोटो आणि नाव पाहतात, पण वंशावळ जुळते ती खालच्या ओळींतून: 'त्यांच्या पश्चात' आणि 'शोकाकुल'. या ओळी अक्षरशः उतरवून घ्या. मोबाइलने ओळखलेला मजकूर जुन्या छपाईत 'भोळे'चं 'भाळे' करतो, म्हणून हातानेच टाइप करा, देवनागरीत, चुकीसकट. दुरुस्ती कंसात लिहा. रोमन स्पेलिंग नंतर. चौधरी कुटुंबाच्या तीन देशांत तीन स्पेलिंगं झालेली असतात आणि मुलं एकमेकांना परकी ठरतात.

बातमीत 'ते अमुक शाळेचे मुख्याध्यापक यांचे वडील होत' असं वाक्य असतं. हा मुलगा थोरला असेलच असं नाही. वार्ताहर गावात जो ओळखीचा त्याचं नाव घेतो. शेती करणारा थोरला भाऊ 'दोन मुले' या आकड्यात जातो. पैसे देऊन छापलेल्या जाहिरातीत क्रम बहुधा घराण्याचा असतो, आधी भाऊ, मग मुलं, पुतणे, नातू, शेवटी 'समस्त परिवार'. मुली तिथे जावयांच्या नावाने येतात, आणि मुलींच्या शाखेकडे जाणारी तीच एक वाट असते. जावयाचं आडनाव आणि गाव सोडलंत तर ती शाखा गेली. आधी वारलेली मुलगी, पहिली पत्नी, दत्तक दिलेला मुलगा बहुतेक वेळा यादीत नसतात, म्हणून 'तीन मुली' म्हणजे तीनच जन्मल्या असं लिहू नका.

'सौ.' असेल तर नवरा हयात होता, 'गं. भा.' असेल तर पती आधी गेलेले, म्हणजे त्यांच्या मृत्यूची शेवटची मर्यादा आपोआप मिळाली. 'रा.' (राहणार) आणि 'ह. मु.' (हल्ली मुक्काम) वेगवेगळे नोंदवा: 'रा. पिंप्री, ह. मु. नाशिक' यात संशोधनाचं गाव पिंप्री. पण पिंप्री, वडगाव, पिंपळगाव खानदेशात जागोजाग आहेत, म्हणून 'बु.' (बुद्रुक), 'खु.' (खुर्द), 'प्र.' (प्रगणे) ही शेपटं आणि तालुका यांच्यासकट लिहा. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. उकाई आणि हतनूर धरणांच्या पाण्यामुळे उठलेली गावं नव्या जागी वसली, त्यामुळे नकाशावरचं गाव आणि कात्रणातलं गाव एकाच जागी असेल असं नाही.

आडनावाचं सांगायचं तर 'पाटील' हे खानदेशात अनेकदा वतनाचं आणि मानाचं नाव आहे, कुळाचं नाही. लेवा, मराठा, गुजर, राजपूत सगळ्यांत पाटील आहेत, आणि सख्ख्या भावांपैकी एक पाटील आणि दुसरा मूळ आडनावाने राहिलेला असतो. जुळवताना आडनावावर भिस्त ठेवू नका. गाव, वडिलांचं नाव आणि जावयांची गावं जुळली तर माणूस तोच. 'आबा', 'नाना', 'जिभाऊ' ही नावं छापलेली असतील तर तीही ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला कागदावरचं नाव आठवणार नाही, जिभाऊ आठवतील.

इंग्रजीत कळवताना नाती सपाट होतात. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ हे शब्द तसेच ठेवून पुढे एका ओळीत समजावा, कारण यांपैकी फक्त पहिला भाऊबंदातला. त्यात 'बंधू' हा शब्द पेपरात चुलतभावासाठीही सर्रास वापरतात.

कात्रणच नसेल तर शोध कुठे घ्यायचा? गंधमुक्ती आणि उत्तरकार्याच्या पत्रिका घरात सापडण्याची आशा कमी. दुःखाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचलं की ते घरात ठेवत नसत. लग्नपत्रिका मात्र जपल्या जातात, आणि त्याच इथे कामी येतात. आजोबांच्या नावामागे एका पत्रिकेत 'श्री.' आणि दोन वर्षांनी दुसऱ्या नातवाच्या पत्रिकेत 'कै.' असेल, तर मृत्यू त्या दोन लग्नांच्या मधला. मामांची नावंही तिथे छापलेली असतात, जी निधनवार्तेत सहसा नसतात.

महिना हाती आला की वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली पाहायच्या. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचं आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. आधी फोन करून कोणत्या दैनिकाच्या कोणत्या वर्षाच्या फायली आहेत, त्या पाहायला देतात का आणि फोटो काढू देतात का ते विचारा. मग गावाकडच्या भाच्याला नेमक्या तारखा द्या: मृत्यूनंतरचे पहिले चार दिवस बातमीसाठी, आठव्यापासून तेराव्यापर्यंत उत्तरकार्याच्या जाहिरातीसाठी, आणि बरोबर एक वर्षानंतरचा आठवडा प्रथम पुण्यस्मरणासाठी. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. 'वर्षभराचे पेपर बघ' असं सांगितलंत तर तो दुसऱ्या दिवशी जाणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

सरकारी नोंदीसाठी एक नियम पुरे: मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद. रावेरचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात गेला असेल तर रावेरला कितीही खेटे घातले तरी दाखला मिळणार नाही. १ एप्रिल १९७० पासून १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असतात. त्याआधीच्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायची. अर्जात गाव, नाव आणि तीन ते पाच वर्षांचा पट्टा द्या. फार जुनी पानं मोडी लिपीत लिहिलेली निघतात, तेव्हा मोडी वाचणारा आधी गाठून ठेवा. शेतजमीन होती तर वारसाचा फेरफार (जमीन वारसांच्या नावावर झाल्याची नोंद) निधनवार्तेपेक्षा भरवशाचा, कारण त्यात वार्ताहराची निवड नसते. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने फेरफार पाहता येतात.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फोन करा. घागर भरताना पितरांची नावं घेत उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवली जातात. त्या दिवशी फुईला (आत्याला) किंवा काकूला 'कोणाकोणाची नावं घेतली, त्याच क्रमाने सांगा' असं विचारलं, तर एरवी न आठवणारी दोन-तीन नावं मिळतात. मात्र कामाच्या गडबडीत नको. सांजोऱ्या, आमरस झाल्यावर, भारतात दुपार कलल्यावर.

कात्रणाचा फोटो काढताना मागे काळा कागद ठेवा, म्हणजे उलट बाजूची छपाई झिरपून दिसत नाही. फ्लॅश नको, खिडकीचा आडवा उजेड घ्या. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू. अख्खा पेपर हाती असेल तर कापण्याआधी माथ्यासकट पूर्ण पान टिपा. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन जाते; लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग आडनाव, नाव, गाव. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर खालची शोकाकुलांची बारीक ओळ धूसर होऊन जाते, आणि तीच तर हवी होती.

सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी टाकायचं असेल तर हयात माणसांचे पत्ते आणि फोन झाका. तीसेक वर्षांच्या आतलं कात्रण घरच्यांपुरतंच ठेवणं बरं. कोणत्या गावी कुणाची जमीन, वारस किती आणि त्यांतले कोण परदेशात, ही माहिती एका कात्रणात एकत्र आली की ती फक्त नातेवाइकांच्या उपयोगाची राहत नाही. ज्यांच्या घरातला मृत्यू आहे त्यांना आधी विचारा, विशेषतः आत्महत्या, अपघात किंवा दुसऱ्या लग्नाचा उल्लेख असेल तेव्हा. चूक सापडली तर जुनी प्रत पुसू नका. 'वडिलांचं नाव चुकीचं छापलं आहे, फेरफारावरून दुरुस्त' असं तारखेसकट खाली लिहा आणि फेरफाराचा क्रमांकही द्या. पुढच्या वेळी कुणी तेच कात्रण नव्याने फिरवलं की ही ओळ त्यासोबत जायला हवी, म्हणून ती वेगळ्या मेसेजमध्ये न लिहिता फाइलमध्येच लिहा.