टोपी टाकण्याआधी

प्रिय दोस्ता,

इंग्रजीतल्या बैठकीत कुणी नवं काम मांडलं की तू दर वेळी ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड’ म्हणतोस आणि तरीही काम दुसऱ्यालाच मिळतं, ही तुझी तक्रार. वाक्य बिनचूक आहे रे, पण तू येणार आहेस की नुसतं कौतुक करतो आहेस, हे त्यातून कळत नाही. ‘काउंट मी इन’ म्हणून बघ. आपल्या ‘मलाही धरा’सारखंच, नाव थेट यादीत चढतं.

‘अप फॉर इट’ आणि ‘डाउन फॉर इट’ दोन्हींचा अर्थ ‘मी तयार आहे’. वर काय नि खाली काय! तर्क शोधू नकोस. फक्त ‘डाउन’ मित्रमंडळींपुरतं ठेव. मला स्वतःला ‘आय ॲम गेम’ आवडतं. त्यातला ‘गेम’ म्हणजे खेळ नव्हे, झुंजीच्या कोंबड्याची हिंमत. जमेल की नाही ठाऊक नाही, पण मागे हटणार नाही, असा त्याचा सूर असतो. नवख्याच्या तोंडी तो शोभतो.

‘थ्रो युवर हॅट इन द रिंग’ म्हणजे आपलं दंड थोपटणं. मुष्टियुद्धात आव्हान देणारा आपली टोपी रिंगणात फेकायचा. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरताना हाच वाक्प्रचार वापरला. तेव्हा पद असेल, चुरस असेल, तिथेच टोपी टाक. सहलीला यायचंय म्हणून टाकलीस तर लोक हसतील.

‘जंप ऑन द बँडवॅगन’पासून मात्र जप. बँडवॅगन ही सर्कशीच्या मिरवणुकीतली वाजंत्र्यांची गाडी. तिच्यावर उडी मारणारा म्हणजे गर्दी बघून सामील झालेला. एका मुलाखतीत मी हे मोठ्या उत्साहाने स्वतःबद्दलच बोललो होतो. समोरचे गृहस्थ सभ्य होते, नुसते खोकले.

‘ऑल इन’ पोकर या पत्त्यांच्या जुगारातून आलं: पैशांऐवजी लावायच्या जवळच्या सगळ्या चकत्या एकाच डावावर. आपलं ‘पणाला लावणं’ही जुगारातलंच. एका आठवड्यात तीन कामांना ‘ऑल इन’ म्हणणारे मी पाहिलेत. चौथ्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही.

नाही म्हणायचं असेल तर ‘आय विल सिट धिस वन आउट’ पुरे. ‘रेन चेक’ मागू नकोस. पावसाने बेसबॉलचा सामना बुडाला की पुन्हा येण्यासाठी मिळणारा तो पास, म्हणजे पुढच्या वेळी येण्याचं वचनच झालं.

पुढच्या बैठकीत यातलं कोणतं वापरलंस आणि काम मिळालं का, ते कळव.

तुझा,
काका