ह्यूगो या संकेतस्थळ तयार करणाऱ्या साधनाच्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) निवडक लेख तारखेनुसार कसे दाखवावेत?
निवडक लेखांपैकी सर्वांत नवे 5 मुखपृष्ठावर हवे असताना भलतेच लेख येतात, असे आपण विचारले आहे. आधी ‘व्हेअर’ या अट लावणाऱ्या फंक्शनने निवडक लेख गाळून घ्यावेत, तो भाग कंसात ठेवून त्यावर तारखेनुसार क्रम लावणारे ‘बायडेट’ आणि क्रम उलटा करणारे ‘रिव्हर्स’ लावावे, कारण नुसते ‘बायडेट’ जुने लेख आधी देते; पहिले पाच घेणारे ‘फर्स्ट 5’ लिहिताना डावीकडे येत असले, तरी ते या साऱ्यानंतर लागू व्हायला हवे, नाहीतर गाळणी त्या पाचांपुरतीच चालते. यादी रिकामी आल्यास फ्रंट मॅटरमध्ये (लेखाच्या सुरुवातीच्या माहितीत) निवडक असल्याची खूण म्हणून लिहिलेले ‘ट्रू’ अवतरणचिन्हांत नाही ना, हे अवश्य पाहावे. तसे असल्यास ते मजकूर ठरते आणि बूलियनशी (खरे-खोटे दर्शवणाऱ्या मूल्याशी) जुळत नाही. ह्यूगोच्या मूळ क्रमात वेट (क्रम ठरवण्यासाठी लेखाला दिलेला आकडा) तारखेच्या आधी विचारात घेतले जाते, म्हणून क्रम स्पष्ट लिहिणेच मला योग्य वाटते.