पूजेनंतरची उदबत्तीची काडी

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही डोंबिवलीत नव्या घरात राहायला आलो. वास्तुशांतीला मैत्रिणींनी मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड अशा तीन कुंड्या दिल्या. ही झाडं मरतच नाहीत, असं सांगून दिल्या. रोज सकाळी देवपूजा झाली की मी प्रत्येकाला एकेक फुलपात्र पाणी घालते. ऑगस्टमध्ये स्नेक प्लांटची पानं बुडाशी मऊ पडून आडवी झाली, ओढली तर हातात आली, वासही येत होता. आता झेडझेडच्या दांड्या पिवळ्या पडतायत. मला झाडं जमणारच नाहीत का?

उत्तर : दोन महिने एकही दिवस न चुकवता झाडांपाशी उभं राहणारी बाई तुम्ही, तुम्हाला नक्की जमतील. पूजेनंतरची ती वेळ मोडू नका. फक्त त्या वेळी फुलपात्राऐवजी विझलेल्या उदबत्तीची काडी हातात घ्या. कुंडीच्या कडेने ती मातीत खोलवर खुपसा, मिनिटभर ठेवा आणि बाहेर काढा. काडीला माती चिकटून आली किंवा काडी ओलसर लागली, तर पाणी नाही. मनीप्लांटला वरची दोन इंच माती सुकली की पाणी द्या. झेडझेडला मात्र काडी तळापर्यंत कोरडी आल्याशिवाय थेंबही नको.

झेडझेड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. तिथे पावसाशिवाय महिनेच्या महिने जातात, म्हणून ते मातीखाली बटाट्यासारख्या कंदांत पाणी साठवून ठेवतं. स्नेक प्लांट हीच बेगमी जाड पानांत करतं. अशा झाडाला डोंबिवलीच्या श्रावणात रोज फुलपात्रभर पाणी मिळालं, तर माती वाळणार कधी? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटी कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी चढते आणि ती कुजतात. गंमत नव्हे, पण कुजकी मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड वरून तहानल्यासारखंच दिसतं. आपण कळवळून आणखी पाणी घालतो. माझा रबर प्लांट मी असाच घालवला. लग्नात मिळालेल्या पितळी पातेल्यात लावला होता, खाली भोक नव्हतं. पानं गळायला लागली तसं मी पाणी वाढवत गेले. पातेलं उलटं केलं तेव्हा तळाशी नुसता काळा चिखल होता. ते झाड मला आजही आठवतं.

तेव्हा झेडझेड आजच कुंडीतून काढा. कंद बोटाने दाबून पाहा. टणक असतील तर झाड वाचेल. मऊ, तपकिरी झालेला भाग स्वच्छ सुरीने कापा, दोन दिवस सावलीत पसरून सुकू द्या आणि मगच लावा. नर्सरीतून आलेली लाल माती पाण्याने घट्ट बसते, ती एकटी वापरू नका. एक भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग धुतलेली जाड वाळू किंवा विटेचा बारीक चुरा घ्या. कुंडीला भोक हवंच. बाहेर शोभेची चिनीमातीची कुंडी असेल, तर तिच्यात साचलेलं पाणी आठवणीने ओता. लावल्यावर आठवडाभर पाणी नको.

स्नेक प्लांटचं एखादं निरोगी पान उरलं असेल तर तेही टाकू नका. त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करा, खालची बाजू खालीच राहील अशी खूण करा, दोन दिवस सुकवा आणि किंचित ओलसर वाळूत रोवा. मुळं फुटायला दोन-तीन महिनेही लागतात, धीर धरा. पानाला पिवळी कड असेल तर तुकड्यातून येणारं रोप साधं हिरवं येतं. ते तसंच असतं, तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी पुण्यात शिकायला आलोय. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. एकच झाड घ्यायचं तर कोणतं? बजेट फार नाही.

उत्तर : पैसे खर्चूच नकोस, मनीप्लांट मागून आण. चोरून आणलेला मनीप्लांटच लाभतो असं म्हणतात, पण मागितलेलाही उत्तम वाढतो. फक्त तोडताना पेर बघ. पान जिथून फुटतं तिथे दांडीवर तपकिरी बारीक उंचवटा असतो, मुळं तिथूनच येतात. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलंस तर वेल होत नाही. दोन-तीन पेरांचा तुकडा काचेच्या बाटलीत ठेव, एक पेर पाण्यात बुडव, पाण्यातली पानं काढून टाक आणि आठवड्याला पाणी बदल. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी वापरू नकोस, त्यात क्षार फार.

बाटली कुठे ठेवायची? दुपारी त्या जागी पांढरा कागद धर आणि वर वीतभर अंतरावर हात धर. हाताची पुसट का होईना सावली पडली तर ती जागा चालेल. सावलीच दिसली नाही तर खिडकीकडे सरक.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाच्या खोलीत हवा शुद्ध व्हावी म्हणून मनीप्लांट आणि डिफेनबेकिया ठेवलेत. शेजारीण म्हणते विषारी आहेत. खरं का?

उत्तर : खरं आहे. दोन्ही आपल्या अळूच्याच कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच यांच्यातही आहेत. अळूत आपण चिंच घालून शिजवतो, बाळ मात्र पान कच्चंच चावणार. डिफेनबेकिया तर तोंड आणि जीभ सुजवतो, तो आजच घराबाहेर काढा. मनीप्लांट छताला टांगा आणि लोंबणारे वेल कापत राहा. खोलीत स्पायडर प्लांट ठेवा, तो विषारी नाही.

हवेचं म्हणाल, तर ही समजूत पसरली ती नासाच्या 1989 च्या प्रयोगांवरून. ते हवाबंद पेट्यांत झाले होते. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. नातवासाठी सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडी ठेवा.

पान चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्याने तोंड पुसा, गार पाणी पाजा. ओठ सुजले, लाळ गळू लागली किंवा गिळता येईना, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. जाताना ते पान सोबत घ्या.