नाळेत दोनच रक्तवाहिन्या असं रिपोर्टमध्ये आलं असेल तर

ताई, विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (बाळाचे अवयव नीट आहेत का ते पाहणारी सोनोग्राफी) 'टू व्हेसल कॉर्ड' आलंय आणि ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं का, असं तुम्ही विचारलंय. ग्रहणाचा, पपईचा किंवा तुमच्या धावपळीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे घरच्यांनाही ठामपणे सांगा.

नाळेत बहुतेकदा दोन धमन्या आणि एक शीर असते. ऑक्सिजन असलेलं रक्त वारेकडून बाळाकडे आणते ती शीर. धमन्या वापरलेलं रक्त परत वारेकडे नेतात. तुमच्या बाळाला यातली एक धमनी नाही. एकच बाळ असेल तर शंभरातल्या एखाद्या गरोदरपणात, किंवा त्याहूनही कमी वेळा, असं दिसतं, जुळ्यांत जास्त. मी प्रसूतिकक्षात नर्स होते. नाळ कापल्यावर आम्ही वाहिन्या मोजायचो, आणि छान रडणाऱ्या, धडधाकट बाळाच्या नाळेतही कधीकधी दोनच निघायच्या.

खरा प्रश्न आहे तो सोबत आणखी काही आहे का, हा. रिपोर्ट पुन्हा उघडा. हृदयाचे चारही कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या नीट दिसल्या असं लिहिलंय का? दोन्ही किडन्या जागेवर आहेत का? मणका, पोटाची भिंत? हृदय स्पष्ट दिसलं नसेल तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या, त्यात चालढकल नको.

बाकी सगळं नॉर्मल असेल तर त्याला 'आयसोलेटेड' म्हणतात. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिनच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार अशा वेळी केवळ या कारणासाठी गुणसूत्रांची वेगळी तपासणी लागत नाही. म्हणजे घाबरून अ‍ॅम्निओसेंटेसिसकडे (सुईने गर्भजल काढून करायची तपासणी) धावू नका, आणि कुणी 'पाडून टाक' म्हणालं तर अजिबात ऐकू नका. हृदयात किंवा किडनीत दोष सापडला तर मात्र गोष्ट वेगळी. मग जेनेटिक काउन्सेलरशी, म्हणजे आनुवंशिक आजारांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाशी, बोलायलाच हवं.

यातली काही बाळं वजनाने कमी भरतात, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत ग्रोथ स्कॅन चुकवू नका. छत्तिसाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला बाळाची तपासणी हवी का, हेही डॉक्टरांना विचारा. नुसत्या याच कारणासाठी सिझेरियन लागत नाही. आणि हा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, म्हणजे जन्मानंतर बालरोगतज्ज्ञ बाळ तपासतील तेव्हा त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.