पिंग जाते, पान उघडत नाही

प्रश्न : घरच्या राउटरमागे वेगळी फायरवॉल जोडली. ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग (पोहोच तपासणारी आज्ञा) केल्यास उत्तर येते, पण ब्राउझरमध्ये एकही संकेतस्थळ उघडत नाही. चूक कुठे शोधावी?

उत्तर : आकडी पत्त्याकडून उत्तर येते, म्हणजे केबल, गेटवे (बाहेर जाण्याचे दार) आणि नॅट (घरातल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर) तिन्ही ठीक आहेत, त्यांना हात लावू नका. बहुधा डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधणारी सेवा, अडले आहे. संगणकावर एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा चालवून पाहा. वेळ संपल्याचा संदेश आला, तर निदान जवळजवळ पक्के.

फायरवॉलच्या लॅनकडून (घरचे जाळे) वॅनकडे (इंटरनेटची बाजू) जाणाऱ्या नियमांत डीएनएसचे पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. नेहमीची चूक म्हणजे फक्त टीसीपी निवडणे. डीएनएसची चौकशी सहसा यूडीपीने जाते, टीसीपी लागते ते मोठ्या उत्तरांना. सोबत संकेतस्थळांसाठी टीसीपी ८० व ४४३ हवेतच.

नियम असूनही फरक नाही? मग क्रम पाहा. बहुतेक फायरवॉल वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लावतात. ‘सर्व नाकारा’च्या खाली लिहिलेली परवानगी कुणी वाचतच नाही. नोंदवही म्हणजे लॉग उघडून गंतव्य पोर्ट ५३ शोधा, कोणत्या नियमाने अडवले ते तिथेच दिसते. परतीच्या उत्तरांसाठी वॅनवर काहीही उघडू नका, फायरवॉल चालू जोडणी लक्षात ठेवते.

काही संकेतस्थळे उघडून मध्येच अडकत असतील, तर तो बहुधा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ. पीपीपीओई (वापरकर्तानाव व पासवर्डने सुरू होणाऱ्या) जोडणीवर एमटीयू १४९२ ठेवा.